मराठी गाण्याचे सर्वोत्तम दशक कोणते? कपिलधारच्या मुक्कामातून मांडलेला एक हिशेब

१/
मराठी लोकप्रिय संगीताचे सर्वोत्तम दशक कोणते? हा वाद आपल्याकडे लग्नाच्या मांडवात होतो, प्रवासात होतो, दिवाळीच्या फराळावरही होतो. गेल्या कार्तिकी पौर्णिमेला तो मी कपिलधारला, दिंडीच्या मुक्कामात ऐकला आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्यात पुरता अडकलो. त्या रात्रीपासून मनात घोळत असलेला हा थ्रेड. मोठा आहे, सवडीने वाचा.

२/
प्रथम स्थळाविषयी. कपिलधार हे बीड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले तीर्थ. पावसाळ्यात येथील धबधबा पाहण्यासाठी गर्दी लोटते. परंतु या स्थानाचे खरे महत्त्व आहे ते संत मन्मथस्वामींच्या समाधीमुळे. वीरशैव परंपरेतील या संतकवीने 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत रचला, अभंग रचले. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यासह कर्नाटक व तेलंगणातूनही दिंड्या येतात.

३/
वाद घालणारे तिघे. पहिले आमच्या गावचे निवृत्त गुरुजी, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या मते १९५५ ते १९६५ या दशकाला तोड नाही. दुसरे माझे वडील. त्यांचे दशक १९८० चे, कॅसेटचे. तिसरा माझा चुलतभाऊ. त्याच्या लेखी अजय-अतुल आले आणि मराठी गाणे खऱ्या अर्थाने मोठे झाले. तिघांचेही आवाज चढले होते. कोपऱ्यात आजी वाती वळत बसली होती. तिला कुणी विचारले नव्हते.

४/
शेवटी मीच विचारले, "आजी, गुरुजी म्हणतात ती गाणी तू तेव्हा ऐकलीस का गं?" ती म्हणाली, "रेडिओ कुठला आलाय बाबा तवा आपल्या घरात? आमच्या कानावर पडलं ते जात्याचं अन् दिंडीचं."

तिने वाद मिटवला नाही, त्यातला न विचारलेला प्रश्न तेवढा पुढे ठेवला. एखादे दशक सर्वोत्तम ठरवताना आपण काय निर्माण झाले ते पाहतो. ते कुणाच्या कानी पडले, हे पाहतच नाही.

५/
आता एक गंमत पाहा. गुरुजी शिक्षणासाठी पुण्यात होते ती वर्षे १९६० च्या दशकातली. वडील तरुण झाले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. भाऊ 'सैराट' आला तेव्हा महाविद्यालयात होता. प्रत्येकाने आपल्या तारुण्याचे दशक निवडले होते!

याला संशोधनाचाही आधार आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांची आवड साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या सुमारास लोकप्रिय असलेल्या गाण्यांकडे सर्वाधिक झुकलेली आढळली. म्हणजे 'सुवर्णयुग' म्हणताना आपण पुष्कळदा आपल्याच वयाविषयी बोलत असतो.

६/
दुसरी अडचण 'दशक' या मापाची. इतिहास पंचांगाप्रमाणे दहादहा वर्षांच्या कप्प्यांत घडत नाही. एरिक हॉब्सबॉम यांनी युरोपचे एकोणिसावे शतक १७८९ ते १९१४ असे 'दीर्घ' मानले, कारण फ्रेंच राज्यक्रांती आणि पहिले महायुद्ध या खऱ्या सीमारेषा होत्या. संगीताच्या सीमारेषा कोणत्या? माझ्या मते त्या यंत्रांनी आखल्या: ध्वनिमुद्रिका, बोलपट, रेडिओ, कॅसेट, मोबाइल. यंत्र बदलले की गाणे बदलते आणि श्रोताही बदलतो.

७/
म्हणून या थ्रेडमध्ये प्रत्येक उमेदवार दशकाला दोनच प्रश्न विचारू.
पहिला: त्या काळात असे काय घडले, जे पूर्वी नव्हते?
दुसरा: ते कपिलधारच्या पंचक्रोशीत ऐकू येत होते का?
दुसरा प्रश्न स्थानिक अभिमानाचा नाही. मुंबई-पुण्याबाहेरच्या कोणत्याही गावाचे नाव तेथे घाला; उत्तर फारसे बदलणार नाही.

८/
उमेदवार पहिला: १९११ ते १९२१, नाट्यसंगीत.
१९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले. संगीत भास्करबुवा बखले यांचे. दरबारात आणि मैफलीत वावरणारी रागदारी बालगंधर्वांच्या गळ्यातून तिकीट काढून बसलेल्या मध्यमवर्गापर्यंत आली. शास्त्रीय संगीताची जाण सामान्य श्रोत्यात रुजवण्याचे जे काम या दहा वर्षांनी केले, ते अभूतपूर्व होते.

९/
या दशकाचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ चे 'संयुक्त मानापमान'. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता. पुढे तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव निवर्तले. त्या रात्रीची आख्यायिका आजही सांगितली जाते.

१०/
आता दुसरा प्रश्न. नाटक मंडळ्या नेपथ्याचा प्रचंड पसारा घेऊन रेल्वेने फिरत. बीड शहराला रेल्वे संपूर्ण विसाव्या शतकात लाभली नाही. शिवाय हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठी शाळा मोजक्या, मराठी नाट्यगृहाची गोष्टच दूर. पुण्या-मुंबईचे सुवर्णयुग बालाघाटाच्या या बाजूस पोहोचण्यासाठी ना रूळ होते, ना रंगमंच.

११/
उमेदवार दुसरा: १९३० चे दशक, बोलपट आणि भावगीत.
१९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात केशवराव भोळे यांनी पदांना आटोपशीर, भावानुकूल रूप दिले. याच दशकात गजानन वाटवे, जी. एन. जोशी असे गायक पुढे आले. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि 'भावगीत' हा प्रकार घरोघरी ओळखीचा झाला.

१२/
येथे यंत्राचा हात स्पष्ट दिसतो. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये, कलकत्त्यात. गौहरजान या तेथील आरंभीच्या नामवंत गायिका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन ते साडेतीन मिनिटे मावत. ध्रुपद आणि दोन-तीन कडवी हा आपल्याला 'स्वाभाविक' वाटणारा गीताचा आकार त्या तबकडीने पक्का केला. रात्रभर चालणारे भजन तिच्यात मावणारे नव्हते. जे मावले नाही, ते संगीताच्या इतिहासातूनही बाहेर राहिले.

१३/
तरीही या दशकाने खेड्याशी एक नाते जोडले. १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत इतके अस्सल उतरले, की ते तुकोबांच्या गाथेत नेमके कोठे आहे, अशी विचारणा जाणकारांकडून झाली! चित्रपटातले गीत भजनात मिसळून गेले. लोकपरंपरा आणि बाजार यांच्यातील भिंत किती पातळ असते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

१४/
उमेदवार तिसरा आणि सर्वांत बलाढ्य: १९५५ ते १९६५.
१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची. आठवड्याला एक गीत या हिशेबाने वर्षाची ५२ व्हायची. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ती ५६ झाली. दर आठवड्याला नवे काव्य, नवी चाल, नवे ध्वनिमुद्रण. गदिमांच्या प्रतिभेइतकीच ही संस्थात्मक शिस्तीचीही कमाल होती.

१५/
हे दशक का घडले? याचे उत्तर प्रतिभावंतांच्या गर्दीत जितके आहे, तितकेच दिल्लीच्या एका धोरणात आहे. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांमुळे अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' १९५२ चीच. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

१६/
पण या फसलेल्या धोरणाचा एक अनपेक्षित लाभ झाला. चित्रपटगीतांची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी आकाशवाणी केंद्रांनी 'सुगम संगीत' या नावाखाली कवी, संगीतकार आणि वादक यांना नियमित काम दिले. यशवंत देव आणि मंगेश पाडगावकर हे दोघेही काही काळ मुंबई आकाशवाणीत होते. श्रीनिवास खळे, हृदयनाथ मंगेशकर, अरुण दाते, माणिक वर्मा ही नावे याच वातावरणात घरोघरी पोहोचली. कविता म्हणून कसास उतरणारे शब्द आणि गायला अवघड पण ऐकायला सोपी चाल, हा मेळ पुन्हा इतक्या सातत्याने जमला नाही. येथे मी गुरुजींच्या बाजूचा आहे.

१७/
मात्र दुसरा प्रश्न सोडता येत नाही. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी. गीतरामायण सुरू झाले तेव्हा बीड जिल्हा अद्याप हैदराबाद राज्यात होता! परभणीचे आकाशवाणी केंद्र आले ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे, त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. गुरुजींनी ती गाणी ऐकली, कारण ते पुण्यात होते. आजीने ऐकली नाहीत, कारण ती येथे होती.

१८/
आणि त्याच दशकात दुसरे एक संगीत दुमदुमत होते, जे 'सुवर्णयुगा'च्या यादीत सहसा नसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांचे शाहिरी आवाज मैदाने भरत होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर आंबेडकरी जलशांची परंपरा नव्या जोमाने उभी राहिली. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गीते रचत होते, गात होते. ती गाणी हजारो लोकांना पाठ होती. ध्वनिमुद्रिकांच्या याद्यांवरून इतिहास लिहिला, तर ती जणू गायलीच गेली नाहीत.

१९/
उमेदवार चौथा: १९८० चे दशक, कॅसेट.
फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने पसरली ती १९७० च्या अखेरीपासून. आखातात कामाला गेलेले लोक टेपरेकॉर्डर घेऊन परतू लागले तेव्हा. टी-सिरीजची कंपनी १९८३ ची. तोवर कोणाचा आवाज छापायचा हे मुख्यतः एचएमव्ही ठरवत असे. तबकडी छापण्यास कारखाना लागे. कॅसेट भरण्यास एक खोली आणि दोन यंत्रे पुरत. अमेरिकी संगीतज्ञ पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील या उलथापालथीवर १९९३ मध्ये ग्रंथच लिहिला.

२०/
महाराष्ट्रात याचा अर्थ काय झाला? कोळीगीते, भीमगीते, भक्तिगीते, लोकगीते, पोवाडे यांना प्रथमच स्वतःचा बाजार मिळाला. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज विठ्ठलाच्या देवळातही घुमला आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीतही. पुढच्या पिढीत आनंद आणि मिलिंद शिंदे कॅसेटच्या बळावर रिक्षा, पानटपरी, एसटी स्टँडपर्यंत पोहोचले. विठ्ठल उमपांसारख्या शाहिराला रंगमंचाबाहेरचा श्रोता लाभला. या कलावंतांना कुणा निवड समितीच्या मान्यतेची वाट पाहावी लागली नाही.

२१/
मराठवाड्याच्या दृष्टीने या काळाला आणखी एक संदर्भ आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे संघर्षाची, दुःखाचीही. वर्तमानपत्रे ज्या वस्त्यांपर्यंत क्वचितच पोहोचत, तेथे गाणे पोहोचत होते. कॅसेट ही त्या वस्त्यांची करमणूक होती, वर्तमानपत्रही होती आणि आठवणही होती.

२२/
सर्वच सोने होते, असे मी म्हणणार नाही. एका गाजलेल्या चालीवर दहा नकला निघत. कृत्रिम तालयंत्राने ढोलकी आणि संबळ यांची जागा बळकावली. द्वयर्थी गाण्यांचा पूर आला. चोरून प्रती काढल्या जात. मूळ कलावंताला पैसा मिळत नसे. रचनेच्या कसावर मोजले तर १९५५-६५ पुढे हे दशक टिकत नाही. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे प्रथमच स्पष्ट 'होय' असे येते: कपिलधारच्या पंचक्रोशीत ही गाणी ऐकू येत होती. आजीच्या घरात पहिले यंत्र आले ते याच काळात.

२३/
उमेदवार पाचवा: २००४ ते २०१६.
'अगं बाई अरेच्चा!' २००४ चा, 'नटरंग' २०१० चा, 'सैराट' २०१६ चा. लावणी, गोंधळ, जोगवा यांचे ताल अजय-अतुल यांनी मोठ्या वाद्यमेळात बसवले; 'जोगवा'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'चे वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण तर हॉलिवूडमध्ये झाले. हाती मोबाइल असल्यामुळे गाणे पुण्यात आणि पाटोद्यात एकाच दिवशी पोहोचले. अंतर प्रथमच संपले. पण प्रवाह एकाच दिशेचा राहिला: तेथून इकडे.

२४/
आता आजीच्या उत्तराचा दुसरा भाग: 'जात्याचं अन् दिंडीचं'. या संगीताचे दशक कोणते?
गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी दीर्घकाळ खपून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हजारापेक्षा अधिक गावांतून गोळा केल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण आमच्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये झाले. तेथील बायांनी जात्याच्या ओवीत बाबासाहेबांना गुंफले होते. साचा कित्येक शतके जुना, आशय अगदी त्यांच्या काळाचा.

२५/
ते ध्वनिमुद्रण झाले तेव्हा पिठाच्या गिरण्या गावोगाव येऊन बराच काळ लोटला होता. जाते थांबले म्हणजे ओवीची वेळही गेली. आणखी काही वर्षे उशीर झाला असता, तर त्या ओव्या म्हणणाऱ्या बाया उरल्या नसत्या.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण अंबाजोगाईच्या दासोपंतांचे (१५५१–१६१५). त्यांची पदे आज उपलब्ध आहेत, रागांचे उल्लेखही सापडतात. राग कळतो; पण ते स्वतः कोणत्या चालीत गात, हे कागद सांगत नाही. गाण्याचा कागद उरणे आणि गाणे उरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२६/
आता घरची गोष्ट. यात्रेहून परतल्यावर वडिलांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत साठेक कॅसेट. बहुतेक बाजारातल्या, एकीवर मात्र काहीच लिहिलेले नव्हते. शेजारच्या गावातून चालणारा टेपरेकॉर्डर आणून लावली. खरखर, मग टाळ-मृदंग, मग दिंडीतल्या मुक्कामाचे शिवभजन. वडिलांनी तरुणपणी कधीतरी भरून घेतलेले. आजीने आवाज ओळखला, "आमची थोरली बहीण." ती आता नाही.

२७/
सुमारे अकरा मिनिटे. मग 'खट्' असा आवाज, आणि एका हिंदी चित्रपटाचे गाणे सुरू! कोणीतरी त्याच कॅसेटवर पुन्हा भरले होते. पुढची सारी बाजू चित्रपटगीतांची. वडील काही बोलले नाहीत. भरणारे बहुधा तेच होते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी सवयीने कालनिर्णय करू पाहिला. चित्रपटाचे वर्ष कळते. त्यावरून एवढेच ठरते की भजन पुसले गेले ते त्या वर्षात किंवा नंतर. भजन कधी गायले गेले, ते त्यावरून ठरत नाही. पुसणाऱ्याचे दशक कळले, गाणाऱ्यांचे नाही.

२८/
मला वाटते, 'सर्वोत्तम दशक' या वादात आपण नेमके हेच करतो. ज्या आवाजावर तारीख छापलेली आहे, त्यांच्यातच स्पर्धा लावतो. बिनतारखेचे आवाज स्पर्धेत उतरतच नाहीत, आणि मग ते हरले असे आपण समजतो.

२९/
तर मग निकाल? टाळणार नाही.
रचनेचा कस हा निकष असेल, तर १९५५ ते १९६५. गुरुजी बरोबर आहेत, आणि त्या दशकामागे आकाशवाणीसारखी संस्था उभी होती हेही लक्षात ठेवावे. चांगली गाणी हवी असतील तर कवीला आणि संगीतकाराला नियमित काम द्यावे लागते.
पण 'लोकप्रिय' या शब्दातील 'लोक' गांभीर्याने घेतले, तर माझे मत १९८० च्या दशकाला. गाणारा आणि ऐकणारा एकाच गल्लीतले असू शकतात, हे यंत्राने पहिल्यांदा तेव्हा मान्य केले.

३०/
आणि विसंगती पाहा: ज्या दशकाने सर्वाधिक लोकांना आवाज दिला, त्याचेच दप्तर सर्वांत विस्कळीत आहे. नाट्यसंगीताच्या तबकड्या संग्राहकांनी जपल्या. गीतरामायण पुस्तकरूपातही आहे. कॅसेटचे मात्र तसे नाही. लहान कंपन्या बंद पडल्या. वेष्टनावर पुष्कळदा वर्षही छापलेले नसे. चुंबकीय फितीचे आयुष्य काही दशकांचे. दमट हवेत तिला बुरशी लागते, लेप सुटतो, आवाज विरतो. १९८५ ची कॅसेट आता चाळिशीत आहे.

३१/
म्हणून थ्रेडच्या शेवटी एक विनंती. घरातील माळा, कपाट, जुनी पेटी एकदा पाहा. ज्या कॅसेटवर काही लिहिलेले नाही ती आधी उचला. बाजारातली कुठेतरी सापडेल, ही सापडणार नाही. वाजवण्यापूर्वी फीत मोकळी फिरते का ते पेन्सिल घालून हलक्या हाताने पाहा. मागची चौकोनी खुंटी मोडून टाका, म्हणजे चुकूनही तीवर पुन्हा काही भरले जाणार नाही. मग एका बैठकीत संगणकावर उतरवून घ्या.

३२/
उतरवताना घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला शेजारी बसवा आणि विचारा: हा आवाज कुणाचा, गाव कोणते, प्रसंग कोणता, साल आठवत नसेल तर दुष्काळाच्या आधी की नंतर, कुणाच्या लग्नाच्या आधी की नंतर. ती उत्तरे लिहून ठेवा. ज्या आवाजांना तारीख नव्हती, त्यांना ती अशीच मिळेल. आमच्या अकरा मिनिटांची तीन ठिकाणी प्रत ठेवली आहे आणि खाली आजीने सांगितलेली नावे लिहिली आहेत.

३३/
येत्या कार्तिकीला पुन्हा कपिलधारला जाईन. वाद पुन्हा होईल. गुरुजी, वडील आणि भाऊ आपापले दशक सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. दिंडी मात्र मन्मथस्वामींचे अभंग म्हणत डोंगर उतरेल. त्या अभंगांना दशक नाही. दर वर्षी चालत येणारी माणसे आहेत, म्हणून ते उरले आहेत. या खेपेला यंत्र माझ्याजवळ असेल, आणि भजन सुरू होण्यापूर्वी मी त्यात तारीख, वार, गाव आणि गाणाऱ्यांची नावे बोलून ठेवणार आहे.

तुमच्या घरच्या पेटीत काय सापडले, ते नक्की कळवा.